आईच्या आधीची सुलोचना

४ जून २०२३ रोजी संध्याकाळी दादरच्या रुग्णालयात सुलोचनादीदी गेल्या. वय ९४. त्याच रात्री एका स्थानिक दैनिकातून फोन आला आणि तासाभरात मी सहाशे शब्दांचा मृत्युलेख लिहून दिला. जुने मराठी चित्रपट, त्यांच्या चोपड्या, जाहिराती हा माझा अनेक वर्षांचा नाद आहे, त्यामुळे असा लेख हातावेगळा करायला वेळ लागत नाही. मथळा होता ‘पडद्यावरची वात्सल्यमूर्ती’. लेखात ‘सोज्वळ’ हा शब्द तीनदा आला होता, हे नंतर मोजलं.

दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीत शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. वाहिन्यांवर दिवसभर एकच वाक्य फिरत होतं : चित्रपटसृष्टीची आई गेली. माझा लेख त्याच सुरात होता, त्यामुळे तो लोकांना आवडला. आवडला नाही तो फक्त निपाणीच्या माझ्या मावशीला. तेव्हा तिचं वय ८८. लेख तिच्या नातीनं वाचून दाखवला आणि मावशीनं मला फोन लावायला सांगितलं.

“आई कुणाची रं?” ती म्हणाली. “तुझी असंल. आमची ती हिरॉईन हुती.”

मी काहीतरी सारवासारव केली. फोन ठेवल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. एखाद्या कलावंताला त्याचा प्रेक्षक कसा आठवतो, हे ठरवतं कोण? आमच्या पिढीला आई आठवते आणि मावशीच्या पिढीला नायिका, तर या दोन आठवणींच्या मध्ये काय घडलं? त्यानंतरच्या वर्षभरात निपाणी, चिकोडी, कोल्हापूर भागातल्या जुन्या प्रेक्षकांना मी भेटत राहिलो. त्या भेटींतून आणि हाताशी असलेल्या चित्रपटांच्या तपशिलांतून जे हाती लागलं, ते इथं मांडतो आहे. एका अर्थानं ही त्या मृत्युलेखाची दुरुस्ती आहे.

सुलोचनादीदींचं जन्मगाव खडकलाट. आज ते कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात येतं, पण या पट्ट्यातल्या माणसांचा बाजार, सोयरीक आणि सिनेमा कोल्हापूरचाच. चाळिशीच्या दशकात कोल्हापुरात मास्टर विनायकांची प्रफुल्ल पिक्चर्स आणि भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ होता. खेड्यातून आलेली ही मुलगी आधी प्रफुल्लमध्ये आणि मग भालजींकडे आली. ‘सुलोचना’ हे नाव भालजींनी दिलं. तिच्या बोलण्यातला गावरान हेल हा थट्टेचा विषय होता. भालजींनी तिच्या वाणीवर मेहनत घेतली, हे दीदी मुलाखतींतून कृतज्ञतेनं सांगत. ‘सासुरवास’, ‘जिवाचा सखा’, ‘मीठ भाकर’ हे त्यांच्या पहिल्या काही वर्षांतले चित्रपट.

या भागातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू आली. सुलोचना सुंदर होती, हे सगळेच सांगतात. पण त्या आधी सांगतात ते हे की, ती आपल्यातली होती. तंबाखूच्या वखारीत उमर घालवलेल्या एका बाईंनी मला सांगितलं, “ती नेसायची तसं लुगडं आम्हाला नेसता यायचं. बाकीच्या हिरॉइनींचं कुठलं जमायला!” जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून सिनेमा पाहिलेले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, “पडद्यावर ती शुद्ध बोलायला लागली, तेव्हा आम्हालाच परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.” नायिका या शब्दाचा त्यांच्या लेखी अर्थ हा होता. आपल्यासारखीच एक मुलगी, जिच्याकडे सगळं गाव मान वर करून बघतं आहे.

मग १९५३ साली ‘वहिनींच्या बांगड्या’ आला. य. गो. जोशींची कथा, शांताराम आठवल्यांचं दिग्दर्शन, सुधीर फडक्यांचं संगीत. धाकट्या दिराला पोटच्या मुलासारखं वाढवणारी वहिनी सुलोचनाबाईंनी केली. मावशीचं लग्न त्याच वर्षीचं. सासू, जावा आणि नऊ वर्षांचा धाकटा दीर असे सगळे मिळून हा सिनेमा बघायला गेले. “घरी आल्यावर त्यो पोरगा माझा हात धरून झोपायला लागला,” मावशी सांगते. “झोपायच्या आधी बांगड्या मोजायचा. सगळ्या हाईत न्हवं, म्हणून बघायचा.” हे काही महिने चाललं म्हणे. सासरी नव्यानं आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला त्या घरात मिळालेलं पहिलं माणूस म्हणजे तो दीर. तो आता नाही. मावशीच्या लेखी सुलोचना म्हणजे त्या घरात आपल्याला जागा मिळवून देणारी कुणीतरी आहे.

हे सांगताना एक सावधगिरीही नोंदवायला हवी. आठवण हा पुरावा आहे, पण तो तपासून घ्यावा लागतो. या चित्रपटाबद्दल बोलताना काही जणांनी मला वहिनीचं वर्णन करता करता मीनाकुमारीचं वर्णन केलं. त्याचं कारण उघड आहे. १९६१ साली याच कथेवर ‘भाभी की चूड़ियां’ निघाला. संगीत पुन्हा फडक्यांचंच, वहिनी मात्र मीनाकुमारी. हिंदी चित्रपट देशभर फिरला, त्याची गाणी रेडिओवर वाजत राहिली आणि हळूहळू मराठी वहिनीच्या चेहऱ्यावर हिंदी भाभीचा चेहरा चढला. एका आजोबांना मी दोन्ही चोपड्यांची मुखपृष्ठं दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “मग मी रडलो ते कुणाला बघून?”

नायिका सुलोचना विस्मरणात जाण्याचं पहिलं कारण हे असं बाजाराचं आहे. दुसरं कारण त्याहून ठोस आहे. ते रसायनाचं आहे. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभापर्यंत चित्रपटाची फीत नायट्रेटची असे. ती भुरकन पेटते, आणि पेटली नाही तरी काळानं चिकट होऊन विरघळते. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ जळाला. ‘मीठ भाकर’ त्यात खाक झाला. भालजींनी तो पुन्हा चित्रित केला आणि १९४९ मध्ये प्रदर्शित केला. म्हणजे लोकांनी पाहिलेला ‘मीठ भाकर’ हा दुसऱ्यांदा केलेला होता. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं ते १९६४ साली, तोवर कित्येक प्रती हातच्या गेल्या होत्या. ज्या वाचल्या, त्यांतल्याही अनेक जुन्या नायट्रेट फिती ८ जानेवारी २००३च्या पुण्यातल्या आगीत गेल्या. शिवाय चालून जुन्या झालेल्या प्रती विकल्या जात त्या फितीतल्या चांदीसाठी. चांदी काढून उरलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्या आणि पर्सा होत. ज्या चित्रपटांनी बायकांना रडवलं, त्यांतल्या काहींच्या फिती नंतर बायकांच्याच मनगटांवर गेल्या असतील.

तिसरं कारण दूरदर्शन. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. माझ्या पिढीनं जुना सिनेमा पाहिला तो शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात, रविवारी संध्याकाळी. तिथं आम्हाला सुलोचना भेटली ती हिंदी चित्रपटातली आई म्हणून. पांढरी साडी, डोळ्यांत पाणी, पाठीवरून फिरणारा हात. तिला कधीकाळी नायिका म्हणून पाहायला लोक बैलगाड्या जुंपून येत, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

१९५९ हे वळणाचं वर्ष. त्या वर्षी ‘सांगत्ये ऐका’ आला. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो १३१ आठवडे चालला आणि त्यात सुलोचनाबाई होत्या. त्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ही आला. त्यात त्या नूतनच्या पालक आईच्या भूमिकेत दिसल्या. तेव्हा सुलोचनाबाई तिशीच्या उंबरठ्यावर होत्या, नूतन त्यांच्याहून फक्त आठेक वर्षांनी लहान. (४ जून हा नूतनचा जन्मदिवस. त्याच तारखेला दीदी गेल्या.) पुढं हे अंतर उलटंही झालं. ‘जॉनी मेरा नाम’ या १९७० सालच्या चित्रपटात देव आनंद आणि प्राण ही त्यांची मुलं आहेत. देव आनंदचा जन्म १९२३चा, प्राणचा १९२०चा. दोन्ही मुलं आईपेक्षा वयानं मोठी! मराठीत ‘एकटी’मधला मुलगा काशिनाथ घाणेकर त्यांच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान. नायकाला पन्नाशीतही तरुण राहता येत होतं, नायिकेला तिशीतच आई व्हावं लागत होतं. आपण ज्याला वात्सल्य म्हणून हार घातले, त्यात धंद्याचा हा हिशोबही होता.

पण म्हणून त्या आईच्या भूमिका कमी प्रतीच्या होत्या, असं मी म्हणणार नाही. मावशीच्या फोननंतर मी ‘सुजाता’ पुन्हा पाहिला आणि माझा मृत्युलेख आणखी एका अंगानं चुकला होता, हे ध्यानात आलं. सुजाता ही अस्पृश्य मजुराची अनाथ मुलगी, एका ब्राह्मण घरात वाढलेली. घरातली आई, चारू, तिची ओळख ‘मुलगी’ म्हणून करून देत नाही, ‘मुलीसारखी’ म्हणून करून देते. सगळा चित्रपट त्या ‘सारखी’ या एका शब्दावर उभा आहे. सुलोचनाबाईंनी चारू दुष्ट केलेली नाही. ती मुलीला जेवू घालते, तिची काळजी करते आणि तरी हात जिथं पोचायला हवा तिथं एक वीत अलीकडे थांबतो. शेवटी सुजाताचं रक्त अंगात गेल्यावरच तो हात पुढं होतो. आमच्या घराघरांतल्या चांगल्या, प्रेमळ, सोवळ्या बायका नेमक्या अशा होत्या. त्या हाताचं अडखळणं दाखवणाऱ्या नटीला मी ‘सोज्वळ’ म्हणून मोकळा झालो होतो.

‘मोलकरीण’मध्ये त्या मुलाच्याच घरी मोलकरीण म्हणून राबणारी आई आहेत. ‘मराठा तितुका मेळवावा’मध्ये जिजाबाई. या तीन आया एकमेकींसारख्या मुळीच नाहीत. एक माया रोखून धरते, एक लपवते, एक मुलाला माया करण्याऐवजी कामाला लावते. ‘आई’ या एका शब्दात आपण तिघींनाही कोंबलं.

याला चाहते म्हणून आपणही जबाबदार आहोत. आवडत्या नटीवर प्रेम करता करता आपण तिचं एकच चित्र निवडतो आणि बाकीची भिंतीवरून उतरवतो. मृत्यूच्या दिवशी तेच चित्र सगळीकडे छापलं जातं आणि कायमचं होतं. सरकारनं १९९९ साली पद्मश्री दिली, राज्यानं २००९चा महाराष्ट्रभूषण पुरस्कार दिला. त्यानं मान मिळाला. पण ‘जिवाचा सखा’मधल्या मुलीला पाहून निपाणीच्या बायांना काय वाटलं होतं, याची नोंद पुरस्काराच्या मानपत्रात होत नाही. ती फक्त त्या बायांकडे असते.

आणि त्या बाया आता थोड्याच उरल्या आहेत. मी भेटलेल्यांपैकी दोघी-तिघी या लेखाचं काम संपायच्या आत गेल्या. त्यांच्यातली एक शेवटच्या भेटीत चोपडी शोधत होती, एका आण्याला मध्यंतरात घेतलेली. ट्रंक रिकामी करून झाली, चोपडी मिळाली नाही. गोष्टीचा सारांश अर्धाच छापून ‘पुढे काय झाले ते पडद्यावर पहा’ असं या चोपड्यांत शेवटी लिहिलेलं असे, हे तिला आठवलं आणि ती हसली.

या दिवाळीत घरी कुणी नव्वदीला टेकलेलं माणूस असेल, तर त्याला एवढंच विचारा : सुलोचनाचा पहिला सिनेमा कुठं पाहिलात, कुणाबरोबर, आणि घरी परतल्यावर काय झालं. उत्तर वहीत लिहून ठेवा. नावं, सालं चुकली तरी चालतील, ती नंतर जुळवता येतात.

हा लेख मी मावशीला फोनवर वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, “बांगड्या मोजायचा ते लिव्हलंस, बरं केलंस. पर एक चुकलंय. काही म्हैनं न्हवं. त्यो कालिजात जाईपर्यंत मोजत हुता.”

दुरुस्ती नोंदवतो आहे.