पेट्रोलचा काटा आणि बांबूची काठी

विहिरीत पाणी किती आहे हे पाहावयाचे तर आपण दोराला दगड बांधून खाली सोडतो. कणगीत धान्य किती उरले ते पाहण्यासाठी हात आत घालतो. मोटारीच्या पोटातले पेट्रोलही माणसाने प्रथम असेच मोजले. १९०८ साली अमेरिकेत निघालेली फोर्डची टी मॉडेल गाडी पुढे दीड कोटींच्या संख्येने खपली. पण तिच्यात पेट्रोलचा काटा म्हणून नव्हताच. टाकी पुढच्या बैठकीखाली. म्हणजे बसलेल्या मंडळींना उठवायचे, गादी उचलायची, टोपण काढायचे आणि खुणा केलेली लाकडी पट्टी आत बुडवायची. पट्टी जेथवर ओली, तेथवर पेट्रोल. त्या गाडीत पेट्रोल नुसत्या उताराने इंजिनाकडे जाई. टाकीत थोडेच उरले आणि समोर उभा चढ आला, की इंजिन उपाशी मरे. म्हणून लोक चक्क गाडी वळवून उलटी चढवीत!

१९२७ च्या अखेरीस फोर्डनेच ए मॉडेल काढले. त्यात टाकी काचेच्या पुढे आणली आणि तरंगणाऱ्या बुचासरशी हलणारा आकडा थेट चालकासमोर दिसू लागला. विजेचा त्यात संबंध नव्हता. पुढे टाकी मागे गेली, मध्ये वीज आली, आणि तेथूनच खऱ्या अर्थाने काट्याचा काळ सुरू झाला. तरी सर्वांनी तो लगेच स्वीकारला असे नाही. जर्मनीची प्रसिद्ध फोक्सवॅगन १९६१ पर्यंत काट्यावाचूनच धावत होती. पेट्रोल संपत आले की पायाशी असलेली चावी फिरवायची आणि राखीव साठ्यावर पंप गाठायचा.

आता हा विजेचा काटा पेट्रोल पाहतो असे आपण समजतो. तो पाहत नाही. तो ऐकीव सांगतो. टाकीत एक पोकळ फ्लोट तरंगतो. त्याचा दांडा वर-खाली झाला की दुसऱ्या टोकाची पत्र्याची जीभ बारीक तारेच्या वेटोळ्यावर सरकते. त्यामुळे विजेला होणारा अडथळा कमीजास्त होतो, तितकाच प्रवाह वायरीतून पुढे जातो, आणि त्या प्रवाहाने समोरचा काटा हलतो. फ्लोट, दांडा, तार, वायर, अर्थ, काटा: इतक्या तोंडांतून बातमी आपल्यापर्यंत येते. पैकी एकजण जरी खोटे बोलला, तरी आपण फसलो.

मी एकदा असाच फसलो. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांच्या जुन्या पेट्रोल जीपमधून आम्ही शहाद्याहून तोरणमाळला निघालो होतो. म्हसावद मागे पडले, राणीपूर गेले, घाट सुरू झाला. काटा अर्ध्यावर होता. गाडी दोन आचके देऊन थांबली, तेव्हाही काटा अर्ध्यावरच! सातपुड्यात पंप काही हाकेच्या अंतरावर नसतो. रस्त्याने जाणाऱ्या एका पावरा म्हाताऱ्याने काय झाले ते विचारले, कुंपणातली एक बांबूची कामटी मोडून दिली आणि म्हणाला, “बुडवून तर बघा, गुरुजी.” कामटी कोरडी ठणठणीत बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी शहाद्याच्या मिस्त्रीने जे केले, ते मला इतिहासाच्या वर्गात सांगण्यासारखे वाटले. त्याने लगेच नवा काटा आणायला सांगितले नाही. आधी विचारले, “इंजिनच्या उष्णतेचा काटाही बिघडलाय का?” पुष्कळ जुन्या गाड्यांत दोन्ही काट्यांना एकाच ठिकाणाहून नियमित वीज मिळते, दोन्ही एकदम चुकले तर दोष तेथे शोधायचा. आमचा तो काटा ठीक होता. मग किल्ली बंद करून त्याने टाकीवरची वायर सोडली आणि किल्ली फिरवली. काटा एका टोकाला गेला. पुन्हा किल्ली बंद. तीच वायर जीपच्या अंगाला जोडली, पुन्हा किल्ली. काटा दुसऱ्या टोकाला. (कोणत्या गाडीत कोणते टोक, हे बनावटीवर असते.) किल्ली बंद करून जोडायचे ते एवढ्याचसाठी, की टाकीजवळ ठिणगी पडू नये. बिडीचे तर नावच नको.

म्हणजे काटा खरा, वायर खरी, लबाडी टाकीत. बॅटरी सोडून त्याने बैठकीखालच्या टाकीवरचे स्क्रू काढले आणि दांडा बाहेर घेतला. फ्लोट कानाशी हलवून पाहिला. आत पेट्रोल शिरले असते तर तो बुडाला असता आणि काटा कायम रिकामी टाकी दाखवीत राहिला असता. फ्लोट चांगला होता. दांड्याचा सांधा मात्र गंजून अर्ध्यावर अडकला होता. गंज काढला, तारेवरची जीभ हलक्या हाताने पुसली, टाकी झाकून तो भाग दूर नेला, दोन लांब वायरींनी जोडून दांडा हाताने वर-खाली केला. समोर काटा मुकाट्याने त्यामागे चालला. नवे गॅस्केट घातले, काम झाले.

नंदुरबार ज्या पश्चिम खानदेशात होते, त्याच्या मुख्य ठाण्यी, धुळ्यास, इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली वारले. बखरकाराने सांगितले म्हणून ते खरे मानत नसत. अस्सल कागद कोठे आहे, असे विचारीत आणि गावोगाव दप्तरे धुंडीत हिंडत. आमच्या मिस्त्रीने त्यांचे नाव ऐकले होते की नाही कोण जाणे. पण काटा ही बखर आणि कामटी हा अस्सल कागद, हे त्याला पक्के ठाऊक होते.

आजच्या मोटारी अजून किती किलोमीटर जाल तेही आकड्यांत सांगतात. तरी पुष्कळांच्या टाकीत तोच फ्लोट तरंगत असतो. मध्ये एक संगणक वाढला, इतकेच. आमच्या स्नेह्यांच्या जीपचा काटा त्यानंतर बिघडला नाही. बांबूची ती कामटी मात्र त्यांनी बैठकीमागे ठेवून दिली आहे, आणि तिच्यावर पाच-पाच लिटरच्या खाचा पाडल्या आहेत.