चिनारावरच्या खारी: पुरावा कशाचा?

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इ. स. १६०५ ते १६०८ च्या सुमाराचे एक मोगल चित्र आहे. पानगळीच्या तोंडावरचा चिनार, हिरव्यात मिसळलेली पिवळी-तांबडी पाने, फांद्यांवर बागडणाऱ्या खारी आणि त्यांच्यासाठी बुंध्याला भिडलेला एक माणूस. चित्र जहांगीरचा चित्रकार अबुल हसन याचे मानतात. उस्ताद मन्सूरचाही त्यात हात असावा, असे काही अभ्यासकांना वाटते.

शेपटीचा झुबका, फांदीवरची पकड इतकी हुबेहूब, की हा प्रसंग काश्मिरात प्रत्यक्ष पाहिलेला वाटावा. पण या खारींच्या पाठीवर आपल्या ओळखीची रामाची बोटे नाहीत. त्या युरोपातल्या तांबूस खारी आहेत. काश्मीरच्या रानात त्या आढळत नाहीत. मग चित्रकाराने त्या पाहिल्या कुठे? बहुधा बादशहाच्या प्राणिसंग्रहात. पुढे १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून अपूर्व पशुपक्षी आणले, तेव्हा जहांगीरने त्यांचे वर्णन लिहिले आणि चित्रेही काढवून घेतली. खारींचे चित्र त्याआधीचे असले, तरी त्यामागचे कुतूहल हेच.

म्हणजे खार खरी, चिनारही खरा. दोघांची गाठ मात्र चित्रकाराने घालून दिलेली. मागचे सोनेरी आकाशही तेच सुचवते. काश्मीरच्या वन्यजीवनाचा दाखला म्हणून हे चित्र वाचणारा फसेल. जहांगीरच्या दरबारात जनावराकडे किती बारकाईने पाहिले जाई, याचा मात्र हा अस्सल पुरावा आहे.