दोन मास्तर, दोन निरोप



शाळेतला निरोप म्हणजे हार, नारळ आणि गोडगोड भाषणं. पण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधल्या दोन मास्तरांचे निरोप बघा. १८८० साली मुलांची ही शाळा काढणाऱ्यांतले टिळक १८९० मध्ये सोसायटीतून बाहेर पडले, ते भांडून, लांबलचक राजीनामा लिहून. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, हे त्यांना खटकलं होतं. शिक्षकाने सगळा वेळ संस्थेलाच द्यावा!

गोखले १९०२ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले, सार्वजनिक कामासाठीच. निरोपाच्या भाषणात त्यांनी सुखाचं घर-शेत सोडून समुद्राच्या ओढीने होडी लोटणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. आपणही समुद्र ओलांडलाच की, पण बहुतेक पगारासाठी. म्हणून मला ती गोष्ट जरा टोचते. तुम्हाला?