मृत्युपत्र सापडत नाही म्हणजे नियोजन नव्हतं का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी सेमिनारमध्ये ठामपणे एक वाक्य टाकलं होतं: जुन्या मराठी कुटुंबांत मालमत्तेचं नियोजन फारसं नव्हतंच, कारण मृत्युपत्रं सापडत नाहीत. सरांनी एवढंच विचारलं, "तेव्हा कायदा काय होता, ते बघितलंस का?" बघितलं नव्हतं. बघितल्यावर ते वाक्य खोडावं लागलं.

आधी कागदाचं बघू. 1870 च्या हिंदू विल्स ॲक्टने हिंदूंच्या मृत्युपत्राला लेखी रूप, सही आणि दोन साक्षीदार या अटी घातल्या. पण मुंबई इलाख्यात हा कायदा होता फक्त मुंबई शहरापुरता. पुणे, सातारा, रत्नागिरीकडच्या हिंदू माणसाने शेवटच्या आजारपणात चार जणांसमोर तोंडी सांगितलं, तरी ते मृत्युपत्र ठरू शकत होतं. लेखी आणि साक्षांकित मृत्युपत्राची सक्ती तिथे लागू झाली 1 जानेवारी 1927 पासून. म्हणजे त्याआधीचं मृत्युपत्र दफ्तरात नाही, यावरून ते केलंच नव्हतं असं म्हणता येत नाही. पुढच्या काळातही जपून, कारण 1908 च्या नोंदणी कायद्यात मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे.

आता हक्काचं. मिताक्षरा पद्धतीत मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सेदार होई. एकत्र कुटुंबातला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने कुणाला देताच येत नसे. माणूस गेला की तो उरलेल्या हिस्सेदारांकडे जाई. ही अडचण 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 30 ने दूर केली. तोवर ज्याला बायकोची किंवा मुलीची सोय करायची, त्याला स्वकष्टार्जित मिळकतीतून द्यावं लागे, नाहीतर हयातीतच वाटणी करून वेगळं व्हावं लागे.

मग नियोजन शोधायचं कुठे? वाटणीपत्र, बक्षीसपत्र, दत्तकपत्र, फेरफाराच्या नोंदी यांत. महाराष्ट्रात विधवेला नवऱ्याची स्पष्ट परवानगी नसतानाही दत्तक घेता येई, हे मुंबई हायकोर्टाने 1868 मध्येच मान्य केलं होतं. त्यामुळे दत्तकपत्र वाचताना फक्त धर्मकृत्य दिसत असेल तर पुन्हा वाचा. मिळकत कुणाच्या हाती जाणार, हाही प्रश्न तिथेच सुटत असतो.

या कागदांत एक शब्द वारंवार भेटतो: 'तहहयात'. बायकोने तहहयात उपभोग घ्यावा, विकू नये. वाचताना वाटतं, चला, तिची काळजी घेतली. पण त्या एका शब्दाने ती मालकीण होते की नुसती राखणदार, हे ठरायचं. 1937 च्या कायद्याने विधवेला मुलाइतका वाटा दिला, तोही मर्यादितच. 1956 च्या कलम 14 ने हिंदू स्त्रीला पूर्ण मालकी दिली, पण मृत्युपत्रानेच मर्यादित हक्क दिला असेल तर तो मर्यादितच राहील, असं पोटकलम दोनमध्ये ठेवलं. शेवटी 1977 मध्ये तुलसम्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पोटगीच्या आधीपासूनच्या हक्कापोटी मिळकत मिळाली असेल, तर कागदावरची मर्यादा गळून पडते आणि ती पूर्ण मालक होते. नवऱ्याने लिहिलेल्या एका शब्दावरून बायकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं!

म्हणून तुम्ही प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा "कागद नाही" असं लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासा. त्या वर्षी, त्या गावी कायदा कोणता होता? देणाऱ्याला ते देण्याचा अधिकार होता का? आणि ज्या बाईचं नाव कागदात आहे, तिला नक्की काय मिळालं? मी तिसरा प्रश्न सगळ्यात उशिरा विचारला. माझा निम्मा प्रबंध आता त्याच्यावरच उभा आहे.