हलकं चाक, जड चाक : फ्लायव्हीलच्या निवडीचा इतिहास

मंडळी, आजचा विषय गॅरेजातला आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाने त्यात का पडावं, ते ओघात स्पष्ट होईल. गाडीची क्लच प्लेट गेली की गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि त्यामागचं फ्लायव्हील उघडं पडतं. मजुरी तर द्यायचीच असते. मग मेकॅनिक विचारतो, किंवा हल्ली घरातला तरुण मुलगाच विचारतो : ‘आता उघडलंच आहे, तर हलकं फ्लायव्हील टाकू या का? गाडी पळेल.’ या एका प्रश्नामागे फार जुना इतिहास आहे. तो पाहिला तर उत्तर देणं सोपं जातं.

सुरुवात कुंभाराच्या चाकापासून करू. आपल्याकडचा कुंभार जड चाक काठीने जोरात फिरवतो, काठी बाजूला ठेवतो आणि मग दोन्ही हात मातीला लावतो. चाक फिरतच राहतं. आपल्या दार्शनिकांनी हे नुसतं पाहिलं नाही, त्यावर विचार केला. सांख्यकारिकेत ज्ञानी पुरुषाच्या देहाला याच चाकाची उपमा दिली आहे : ज्ञान झाल्यावरही देह काही काळ टिकतो, तो आधीच्या संस्काराच्या जोरावर. वैशेषिकांनी ‘संस्कार’ या गुणाचे तीन प्रकार मानले : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग म्हणजे गती चालू ठेवणारा, भावना म्हणजे स्मृतीचं मूळ, आणि स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली फांदी पुन्हा सरळ करणारा. चाकाची गती आणि मनाची आठवण त्यांनी एकाच गुणाखाली मांडली, हे आपण लक्षात ठेवू या. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाची आठवणच आहे.

ही आठवण इंजिनाला कशासाठी लागते? वाफेच्या इंजिनाचा दट्ट्या पुढेमागे ढकलतो, पण गिरणीला हवी असते एकसारखी फिरती गती. इंग्लंडमध्ये 1780 साली जेम्स पिकार्डने क्रँकच्या वापराचं पेटंट घेतलं. जेम्स वॉटला ती वाट बंद झाली, म्हणून 1781 मध्ये त्याने ‘सूर्य आणि ग्रह’ नावाची दातेरी चाकांची योजना पेटंट केली. तिच्यात एक गंमत होती. इंजिनाच्या एका फेऱ्यात फ्लायव्हील दोनदा फिरायचं. चाकात साठणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला की तेच काम चौथ्या हिश्श्याच्या जडत्वात भागतं. हलक्या चाकाचा विचार असा सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. फक्त तिथे वजन कमी केलं ते हिशेब करून, दुसरीकडून भरपाई करून. लंडनच्या एका मद्यनिर्मितीच्या कारखान्यात 1785 मध्ये बसवलेलं वॉटचं असं इंजिन 1887 पर्यंत चाललं. आज ते सिडनीच्या संग्रहालयात आहे.

पुढे 1876 मध्ये निकोलस ओटोचं चार स्ट्रोकचं इंजिन आलं आणि फ्लायव्हीलची गरज अधिकच वाढली. चार स्ट्रोकांपैकी एकच काम करतो. बाकीचे तीन त्या एकाच्या कमाईवर चालतात. कार्ल बेंझच्या 1886 च्या तीनचाकी गाडीत तर मागे मोठं आडवं फ्लायव्हील होतं आणि तेच हाताने फिरवून इंजिन सुरू करायचे. ते आडवं ठेवलं, कारण उभं फिरणारं जड चाक वळताना अडथळा करील अशी बेंझला शंका होती. जडपणाची किंमत असते, हे पहिल्याच गाडीच्या वेळी कळलं होतं.

आपल्याकडे ज्यांनी विहिरीवरचं ऑईल इंजिन पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली आणि असली इंजिनं गावोगाव पोचली. हँडल मारायचं, चाकाने जोर धरला की लिव्हर सोडायचा, आणि पुक-पुक सुरू. एका सिलिंडरच्या इंजिनाला ते जड चाक नसतं तर दोन ठोक्यांच्या मधेच ते बंद पडलं असतं. मोटारीत चार किंवा सहा सिलिंडर आले, ठोके जवळजवळ पडू लागले आणि चाक लहान करता आलं.

आता हिशेब करू. फ्लायव्हीलमधून चार किलो वजन काढलं, आणि ते सरासरी दहा सेंटिमीटर त्रिज्येवरचं होतं असं धरा. पहिल्या गिअरात इंजिन आणि चाक यांचं एकूण गुणोत्तर 14 असेल, आणि टायरची त्रिज्या 30 सेंटिमीटर असेल, तर वेग घेताना गाडी सुमारे 87 किलोंनी हलकी झाल्यासारखी वागते. एक धष्टपुष्ट माणूस खाली उतरल्यासारखं! पाचव्या गिअरात गुणोत्तर साडेतीन धरलं, तर हाच फायदा साडेपाच किलोंच्या आत येतो, म्हणजे बाजारच्या पिशवीएवढा. आणि इंजिनाची ताकद तर मुळीच वाढलेली नसते. शर्यतीत, वारंवार गिअर बदलताना हा फरक मोलाचा. हायवेवर तो जवळजवळ नाहीच.

उलट बाजूला काय जातं? तर आठवण जाते. चढावर गाडी उभी आहे, क्लच सोडतोय, पुढे ट्रॅफिक आहे. अशा वेळी जड चाकातली साठवण इंजिनाला सावरते. हलक्या चाकात ती नसते, गाडी चटकन बंद पडते. आयडलिंग खडबडीत होतं, गिअरबॉक्समध्ये खडखड येते.

1985 पासून जर्मन मोटारींत दुहेरी फ्लायव्हील येऊ लागलं : दोन चकत्या, मधे स्प्रिंगा. वैशेषिकांच्या भाषेत वेगाला स्थितिस्थापकाची जोड मिळाली. इंजिनाचे धक्के स्प्रिंगा गिळतात. पण ते महाग, आणि झिजलं की सहसा बदलावंच लागतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शेने 911 च्या करेरा आरएस या गाडीत दोन्ही पर्याय ठेवले. शर्यतीकडे झुकलेल्या आवृत्तीत हलकं एकेरी चाक, आणि त्याच गाडीच्या टूरिंग आवृत्तीत दुहेरी. बनवणाऱ्यांनीच सांगितलं, की कोणतं चाक चांगलं हा प्रश्न अपुरा आहे. कशासाठी, हे आधी विचारा.

एक गोष्ट मात्र निवडीची नाही, जिवाची आहे. मूळचं बिडाचं फ्लायव्हील लेथवर नेऊन मनाला येईल तेवढं कापून हलकं करू नका. बीड दाब सोसतं, ताण सोसत नाही. फिरणाऱ्या चाकाच्या कडेला ताणच असतो. एकोणिसाव्या शतकात गिरण्यांची मोठी चाकं फुटून माणसं मेली आहेत. हे चाक तर आपल्या पायांशेजारी फिरत असतं. हलकं हवंच असेल तर त्यासाठीच घडवलेलं, पोलादाचं किंवा पोलादी घर्षणपृष्ठ असलेलं अ‍ॅल्युमिनियमचं घ्यावं.

तेव्हा घरच्या गाडीला, जिच्यात आई-वडील बसतात, जी घाट चढते आणि सिग्नलला थांबते, तिला मूळचंच चाक ठेवावं असं आम्ही म्हणू. जुनं चाक एकेरी असेल तर तडे आणि जळके निळे डाग तपासून घ्या. तडे नसतील तर कंपनीच्या मर्यादेत फेस मारून तेच पुन्हा बसवता येतं. दुहेरी असेल तर त्याची ढिलाई मोजून घ्या. ट्रॅकवर पळवायला वेगळी गाडी असेल तर खुशाल हलकं टाका.

तरुणांना चपळाई हवी असते, आणि ती हवीच. पण इंजिन प्रत्येक ठोक्यानंतर पुढच्या ठोक्यापर्यंत पोचतं ते साठवणीवर. ती किती ठेवायची हे रस्ता पाहून ठरवावं. आता प्रश्न घेऊ या.