प्रौढशिक्षण : निवृत्त शिक्षकांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम कसा असावा?

आयुष्यभर शाळेत शिकविलेल्या शिक्षकाला प्रौढांना शिकविणे सहज जमेल, हा समज अपुरा आहे. दरडावणीचा सूर आणि चुकांवरील लाल शाई या सवयी येथे अडसर ठरतात. दिवसभर राबून आलेल्या प्रौढाचा एकदा पाणउतारा झाला, की तो वर्गाकडे फिरकत नाही.

प्रौढांच्या अध्ययनशास्त्रासाठी 'अँड्रागॉजी' ही संज्ञा जर्मन शिक्षक अलेक्झांडर काप यांनी १८३३ मध्ये वापरली. अमेरिकी अभ्यासक माल्कम नोल्स यांनी १९७० मध्ये ग्रंथरूपाने तिची मांडणी केली. प्रौढ व्यक्ती स्वयंनिर्णयी असते, अनुभव हे तिचे भांडवल असते आणि समोरचा प्रश्न सोडविण्यासाठी ती शिकते, हे त्यांचे प्रतिपादन.

अभ्यासक्रमाची रचनाही याच तत्त्वांवर हवी. कारण येथे विद्यार्थी झालेले शिक्षकही प्रौढच आहेत. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'स्वयम्'ची चौकट उपयुक्त ठरते : चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी व चर्चा. मात्र, आरंभ व्याख्यानाने न करता शिक्षकांच्या अनुभवकथनाने करावा. चित्रफिती छोट्या असाव्यात. संगणकाचा सराव आधी करून घ्यावा. बँकेची स्लिप वा एसटीची पाटी वाचण्याचा पाठ प्रत्येकाने तयार करावा व सहाध्यायांनी तो तपासावा.

पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी २०२२ ते २०२७ या काळाकरिता आखलेला 'उल्लास' कार्यक्रम स्वयंसेवकांवर आधारलेला आहे. अशा कामी निवृत्त शिक्षकांचा अनुभव मोलाचा ठरेल. अट एकच, काय विसरायचे हेही त्यांनी शिकावे.