संगीत विद्यालयासाठी दूरस्थ सहायक : खर्चाचा हिशेब

संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ ही कोणत्याही संगीत विद्यालयाची ऐन धावपळीची वेळ. एका खोलीत यमनचे आलाप सुरू असतात, दुसरीत तबल्याचे कायदे घोटले जात असतात आणि नेमक्या त्याच वेळी गुरुजींचा भ्रमणध्वनी वाजू लागतो. कुणाला प्रवेशाची चौकशी करायची असते, कुणाला बुडालेला तास भरून हवा असतो, तर कुणी मागील महिन्याची फी भरली की नाही, हे विचारत असतो. गळा आणि हात शिष्यांच्या कामी यावेत, ते वहीखात्यात अडकतात. या अडचणीवर अलीकडे सुचविला जाणारा उपाय म्हणजे दूरस्थ सहायक, अर्थात ‘व्हर्च्युअल असिस्टंट’. त्याला खर्च किती येतो आणि तो परवडतो का, याचा हा आढावा.

दूरस्थ सहायक म्हणजे कोण?

संगणकावरील स्वयंचलित उत्तरे देणाऱ्या प्रणालीलाही हेच इंग्रजी नाव दिले जाते. येथे मात्र अभिप्रेत आहे ती घरबसल्या, दूरध्वनी व इंटरनेटच्या साह्याने कार्यालयीन काम करणारी व्यक्ती. चौकशांना उत्तरे देणे, वेळापत्रक आखणे, फीची नोंद व आठवण, परीक्षेचे अर्ज भरणे, वार्षिक कार्यक्रमाचा पत्रव्यवहार ही कामे तिच्याकडे सोपविता येतात. विद्यालयाचे दार उघडणे, सतरंजी घालणे, लहान मुलांवर लक्ष ठेवणे ही कामे अर्थातच तिच्या आवाक्याबाहेरची. ज्यांना प्रामुख्याने याच कामांसाठी माणूस हवा आहे, त्यांनी अर्धवेळ मदतनीस नेमणेच श्रेयस्कर.

मोबदल्याच्या तीन पद्धती

पहिली पद्धत ताशी दराची. जितके तास काम, तितका मोबदला. दुसरी ठरावीक मासिक मानधनाची. यात महिन्याचे तास आधीच ठरलेले असतात. तिसरी कामानुसार, म्हणजे परीक्षेचे अर्ज किंवा संमेलनाची निमंत्रणे अशा एकेका कामाची वेगळी रक्कम. सहायक थेट नेमल्यास दर कमी पडतो, पण तो आजारी पडला की काम थांबते. पुरवठादार संस्थेमार्फत घेतल्यास बदली माणूस मिळण्याची सोय असते. मात्र दरात त्या संस्थेचा वाटाही धरलेला असतो. दर शहर, अनुभव आणि भाषांच्या ज्ञानावर अवलंबून असल्याने कोणताही एक आकडा प्रमाण मानता येत नाही. म्हणून दर विचारण्याआधी तास मोजणे आवश्यक ठरते.

एक नमुना हिशेब

शंभर विद्यार्थ्यांचे विद्यालय आणि दरमहा १,२०० रुपये फी असे गृहीत धरू. मासिक उत्पन्न १,२०,००० रुपये झाले. दोन आठवडे वहीत नोंद ठेवल्यावर कामाचे तास पुढीलप्रमाणे भरले, असे समजू : चौकशा व निरोप ४, वेळापत्रक व बदली तास ३, फीची नोंद २, इतर पत्रव्यवहार १. एकूण आठवड्याला १० तास, म्हणजे महिन्याला सुमारे ४३ तास. हिशेबापुरता ताशी २५० रुपये दर धरल्यास मानधन १०,७५० रुपये होते. विद्यालयाचा स्वतंत्र दूरध्वनी क्रमांक आणि संगणकीय सेवांची वर्गणी यांसाठी १,२५० रुपये धरले, तर एकूण खर्च १२,००० रुपयांवर जातो. ही रक्कम उत्पन्नाच्या दहा टक्के, अर्थात दहा विद्यार्थ्यांच्या फीइतकी.

यात दोन खर्च हमखास विसरले जातात. पहिला, शिकविण्याचा. नव्या सहायकाला विद्यालयाची घडी समजण्यास १५ तास लागले, तर त्याचे ३,७५० रुपये द्यावे लागतात. शिवाय गुरुजींचेही तितकेच तास जातात. दुसरा खर्च परीक्षांचा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात. अर्जातील नावाची चूक पुढे प्रमाणपत्रावर उमटते, म्हणून ही तपासणी घाईत उरकता येत नाही. प्रत्येक सत्रासाठी १५ तास जादा धरल्यास वर्षाला ७,५०० रुपये वाढतात. सगळे मिळून पहिल्या वर्षाचा खर्च १,५५,२५० रुपये, म्हणजे वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे पावणेअकरा टक्के होतो.

पदरात काय पडते?

आठवड्याचे दहा तास वाचले, तरी देखरेखीत त्यांतील दोन खर्ची पडतात. उरलेल्या आठपैकी दोन तासांत आठ विद्यार्थ्यांची एक नवी तुकडी सुरू केल्यास दरमहा ९,६०० रुपये येतात. २,४०० रुपयांची तूट राहतेच. वेळेवर उत्तर मिळाल्यामुळे दोन विद्यार्थी अधिक आले किंवा टिकले, तरच ती भरून निघते. थोडक्यात, सहायक नेमल्याने नफा वाढेल, ही अपेक्षा धरू नये. खरी मिळकत म्हणजे उरलेले सहा तास. ते गुरूच्या स्वतःच्या रियाजाला मिळाले, तर खर्च सार्थकी लागला. तेही पुन्हा निरोपांत विरघळणार असतील, तर पैसे वाया गेले असे समजावे.

लहान विद्यालयांचे काय?

तीस विद्यार्थ्यांच्या वर्गाचे काम त्या प्रमाणात घटत नाही. आठवड्याला ५ तास धरले, तरी मानधन ५,५०० व इतर १,२५० मिळून ६,७५० रुपये होतात. ३६,००० रुपयांच्या उत्पन्नात हा वाटा पावणेएकोणीस टक्क्यांचा, म्हणजे न पेलणारा. अशा वर्गांनी केवळ फीच्या दिवसांपुरता किंवा परीक्षा सत्रापुरता सहायक घ्यावा. दोन-तीन वर्गांनी मिळून एकच व्यक्ती नेमण्याचाही पर्याय आहे. फीची तारीख एकच ठेवणे, नियमावली छापून देणे आणि निरोपांना उत्तर देण्याची ठरावीक वेळ जाहीर करणे, या गोष्टींना तर काहीच खर्च येत नाही. त्या आधी करून पाहाव्यात.

परदेशातील शिष्य

पुण्या-मुंबईतील अनेक गुरू आता परदेशस्थ मराठी कुटुंबांतील मुलांना इंटरनेटवरून शिकवितात. तेथे घड्याळाचा गोंधळ ठरलेला. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी बहुतेक राज्यांत घड्याळे एक तास पुढे जातात व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. न्यूयॉर्कच्या रात्री आठचा तास हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला येतो, तर उन्हाळ्यात साडेपाचला. ब्रिटनमध्ये हे बदल मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात. हे वेळापत्रक सांभाळणारा सहायक आपला मोबदला सहज वसूल करून देतो. कारण चुकलेला प्रत्येक तास गुरूला फुकट भरून द्यावा लागतो.

माहितीची जबाबदारी

विद्यालयाच्या नोंदींत प्रामुख्याने मुलांची नावे, पालकांचे क्रमांक, छायाचित्रे व चित्रफिती असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीची अट घातली आहे. त्यामुळे सहायकाला कामापुरतीच माहिती द्यावी आणि ती गुरुजींच्या खासगी भ्रमणध्वनीवरून नव्हे, तर विद्यालयाच्या स्वतंत्र खात्यातून. फी थेट विद्यालयाच्या बँक खात्यात जमा व्हावी. सहायकाला केवळ नोंद पाहता यावी. यूपीआयने पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही, हे ध्यानात ठेवून तो कुणालाही सांगू नये.

कामाचे तास, मोबदल्याची तारीख, सुट्ट्या, गोपनीयता आणि काम सोडण्यापूर्वीची मुदत या गोष्टी एका पानाच्या लेखी करारात असाव्यात. सहायक घरी बसून काम करतो, म्हणून रात्री अकरालाही त्याला निरोप पाठविणे योग्य नव्हे. मोबदला थकविणाऱ्या विद्यालयाला चांगला माणूस टिकविता येत नाही, आणि प्रत्येक नव्या माणसामागे शिकविण्याचा खर्च पुन्हा सोसावा लागतो.

काय सोपवू नये?

विद्यार्थी परीक्षेला बसण्याइतका तयार आहे का, आवाज फुटण्याच्या वयातील मुलाला किती गाऊ द्यावे, मागे पडणाऱ्या मुलीच्या पालकांशी काय बोलावे, हे गुरूनेच ठरवायचे आणि गुरूनेच सांगायचे. पालक फी भरतात ती या शब्दांसाठी. म्हणून कामांची यादी करताना प्रथम ही कामे बाजूला काढावीत, उरलेल्यांचे तास मोजावेत आणि मगच दराची बोलणी सुरू करावीत. पहिल्या तीन महिन्यांनंतर हिशेबाची वही पुन्हा उघडून रियाजाचे तास वाढले का, हे पाहावे. वाढले नसतील, तर करार पुढे नेण्याची घाई करू नये.